डावी की उजवी : अ‍ॅड्रिनलच्या ऑपरेशनची हकिगत

मी एसटीत वाहक आहे, कोल्हापूर विभागात. 34व्या वर्षी मला बीपी निघालं आणि 41व्या वर्षी माझी डावी अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढली. ऑपरेशन ठरलं तेव्हा मी मराठीत बरंच शोधलं. किडनीचे, थायरॉइडचे अनुभव पुष्कळ सापडले, अ‍ॅड्रिनलबद्दल सांगणारं कुणी मला भेटलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. किडनीच्या डोक्यावर बसलेली ही छोटी ग्रंथी कधी कधी गरज नसताना एक हॉर्मोन सोडत राहते आणि त्यानं बीपी चढतं, त्या आजाराचं नाव कॉन सिंड्रोम. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. या आजाराच्या तपासाला क्रम असतो. आधी रक्तात हॉर्मोन शोधायचं, मग स्कॅनमध्ये गाठ बघायची, आणि ते हॉर्मोन कुठल्या बाजूच्या ग्रंथीतून येतंय हे पक्कं झाल्यावरच ऑपरेशनचं बोलायचं. माझ्या बाबतीत हा क्रम सुरुवातीला उलटा चालला होता.

बीपीची सुरुवात एका गोळीनं झाली. वाढत वाढत त्या चार झाल्या: अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटोप्रोलॉल आणि क्लोरथॅलिडोन, म्हणजे लघवी वाढवून बीपी उतरवणारी, जिला सगळे 'पाण्याची गोळी' म्हणतात ती. एवढं घेऊनही आकडा 170/110च्या आसपास. मुक्कामाच्या गाड्या, जागरणं, स्टँडवरचं खाणं, सुट्ट्या पैशांवरून रोजची वादावादी. हे ऐकलं की कुणीही म्हणायचं, "मग बीपी वाढणारच की." कारण समोर तयारच होतं, त्यामुळे दुसरं कुणी शोधलं नाही.

पण बीपीबरोबर आणखी काही चाललं होतं आणि ते कुणी एकत्र जोडून पाहिलं नव्हतं. रात्री लघवीला इतक्यांदा उठायचो की सलग झोप अशी लागायचीच नाही. रत्नागिरीच्या गाडीवर असलो की मलकापूर कधी येतंय याकडे डोळे. तहान सतत. साखर तपासली, ती अगदी व्यवस्थित. पोटऱ्यांत गोळे यायचे. तिकीट मशीनची बटणं दाबता दाबता उजव्या हाताची बोटं आखडायची आणि डाव्या हातानं ती सरळ करावी लागायची. पावसाळ्यातल्या एका फेरीत आंबा घाट उतरून गाडी साखरप्याला थांबली आणि मला सीटवरून उठताच येईना. दुखत नव्हतं, मुंग्या नव्हत्या, पायांत ताकदच उरली नव्हती. आमच्या चालकानं आणि दोन प्रवाशांनी मला खाली घेतलं. अर्धांगवायू झाला असंच सगळ्यांना वाटलं, मलाही. माझे वडील पन्नाशीच्या आत अर्धांगवायूनंच गेले होते.

रक्तात पोटॅशियम 2.3 निघालं. ते 3.5च्या वर असावं लागतं. ईसीजीतही त्याच्या खुणा होत्या. शिरेतून अगदी हळूहळू पोटॅशियम दिलं आणि दुसऱ्या दिवशी मी चालू लागलो. पाण्याच्या गोळीनं पोटॅशियम उतरतं, म्हणून ती बंद केली. घरी जाताना पोटॅशियमचं सिरप दिलं. ते पाण्यात मिसळून घ्यायचं असतं, तरी जिभेवर खारट-कडू चव बराच वेळ राहते. नंतर स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी सुरू झाली. त्याच सुमाराला किडनीच्या रक्तवाहिन्या बघायला म्हणून पोटाचा सीटी स्कॅन केला, त्यात डाव्या अ‍ॅड्रिनलमध्ये 1.4 सेंटिमीटरची गाठ दिसली. तो रिपोर्ट घेऊन मी एका सर्जनकडे गेलो. त्यांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि सांगितलं, गाठ आहे, काढून टाकू, पुढच्या आठवड्यात या. रक्ताची एकही हॉर्मोनची तपासणी तोपर्यंत झालेली नव्हती.

घरी बायको म्हणाली, "अहो, एवढ्या घाईनं पोट फाडून घ्यायचं, तर आधी दुसऱ्या कुणाला तरी दाखवू या." तिच्या आग्रहामुळे आम्ही कोल्हापुरातल्याच एका फिजिशियनकडे गेलो. ते वयस्कर, कमी बोलणारे. माझी जुनी फाइल त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. पाण्याची गोळी बंद केल्यानंतरसुद्धा, स्पायरोनोलॅक्टोन सुरू होण्याआधी, पोटॅशियम 2.9 आलं होतं. त्या आकड्याभोवती त्यांनी पेनानं गोल केला. म्हणाले, "गोळी नसताना हे उतरतंय. बीपी जास्त आणि पोटॅशियम कमी, ही जोडी दिसली की अ‍ॅड्रिनल आठवायलाच हवी. पण गाठ दिसली म्हणजे तीच करते असं नाही. तुम्ही मुंबईला जा, एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर कुणालाही हात लावू देऊ नका." मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

मुंबईत मावसभाऊ लालबागला राहतो. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी दादरला उतरायचं, त्याच्याकडे आंघोळ करायची आणि परळच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, असा माझा पुढचा क्रम बऱ्याच दिवसांसाठी ठरून गेला. तिथल्या एंडोक्रायनॉलॉजी विभागातल्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत मला कागदावर चित्र काढून सगळं समजावलं.

अ‍ॅड्रिनल या दोन छोट्या ग्रंथी, प्रत्येक किडनीच्या डोक्यावर एक. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. आतल्या गाभ्यात अ‍ॅड्रिनॅलिन तयार होतं, बाहेरच्या थरांत कॉर्टिसॉल, काही पुरुषी हॉर्मोन आणि अल्डोस्टेरॉन. अल्डोस्टेरॉनचं काम किडनीला सांगणं, की मीठ धरून ठेव आणि पोटॅशियम सोड. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की किडनी रेनिन सोडते, रेनिनमुळे अल्डोस्टेरॉन वाढतं, मीठ सांभाळलं जातं, आणि गरज संपली की दोन्ही खाली येतात. माझ्या शरीरात एखादी ग्रंथी कुणाचं न ऐकता अल्डोस्टेरॉन सोडत असणार, असा त्यांचा अंदाज. मीठ साठतं म्हणून बीपी, पोटॅशियम जातं म्हणून पायांतलं बळ जातं, आणि पोटॅशियम फार दिवस कमी राहिलं की किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून रात्रभर उठणं. इतकी वर्षं सुटी सुटी वाटणारी सगळी दुखणी एका कागदावर एका रेघेत आलेली बघून मला भरून आलं.

हाच तो कॉन सिंड्रोम. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले डॉ. जेरोम कॉन यांच्याकडे 1954मध्ये 34 वर्षांची एक बाई आली होती. अनेक वर्षं अशक्तपणा, हातापायांत गोळे, बीपी जास्त, पोटॅशियम कमी. अल्डोस्टेरॉन हे हॉर्मोन वेगळं काढलं गेलं होतं ते जेमतेम वर्षभर आधी, 1953मध्ये. कॉन यांनी तिच्या शरीरात येणाऱ्या-जाणाऱ्या क्षारांचा बारकाईनं हिशेब ठेवला आणि अ‍ॅड्रिनलकडे बोट दाखवलं. डिसेंबर 1954मध्ये ऑपरेशन झालं, गाठ सापडली आणि ती बाई बरी झाली. तेव्हा सीटी स्कॅन नव्हताच. आधी हॉर्मोनचा हिशेब आणि मग गाठ, हा क्रम या आजाराच्या पहिल्या पेशंटपासूनचा आहे. डॉक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या फिजिशियननी "थांबा" का म्हटलं होतं ते मला उमगलं.

पण लगेच रक्त काढलं नाही. तपासणीपूर्वीची तयारी लांबलचक असते आणि ती नीट झाली नाही तर आकडे फसवतात. स्पायरोनोलॅक्टोन थेट अल्डोस्टेरॉनच्या कामात अडथळा आणतं, म्हणून ती चार आठवडे आधी बंद करावी लागली. टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉलही थांबवलं. त्यांच्या जागी व्हेरापामिल आणि प्राझोसिन दिलं, कारण रेनिन-अल्डोस्टेरॉनच्या आकड्यांवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. पोटॅशियम कमी असताना अल्डोस्टेरॉनचा आकडाही कमी दिसतो, त्यामुळे सिरप जास्त घेऊन पोटॅशियम 4च्या जवळ आणलं. मिठावरची बंदी काही दिवसांसाठी उठवली, कारण मीठ तोडलं की रेनिन वाढतं. वर्षानुवर्षं ठेचा-लोणच्याला हात न लावलेल्या माणसाला डॉक्टरच मीठ खा म्हणतात, हे आईला काही केल्या पटेना.

आणखी एक प्रश्न त्यांनी विचारला, जो मला आधी कुणी विचारला नव्हता: "ज्येष्ठमध खाता का?" आम्हा वाहकांचा घसा दिवसभर चालतो, त्यामुळे ज्येष्ठमधाची कांडी माझ्या खिशात कायम असायची. ज्येष्ठमध फार खाल्लं तर ते स्वतःच बीपी चढवतं आणि पोटॅशियम उतरवतं, हुबेहूब या आजारासारखं. फरक इतकाच की त्यात रक्तातलं अल्डोस्टेरॉन कमी निघतं. ते बंद करून मगच तपासणी. आपल्याकडे घशासाठी, खोकल्यासाठी, काढ्यात ज्येष्ठमध इतकं सहज घेतलं जातं, की ज्याचं बीपी गोळ्यांना दाद देत नाही त्यानं ही गोष्ट डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगावी.

त्या चार आठवड्यांत मी आजारपणाच्या रजेवर होतो. बीपी अधूनमधून 180ला जायचं आणि घरात सगळे धास्तावलेले. घरी मशीन ठेवलं होतं, ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं तर कुणाला फोन करायचा ते लिहून दिलेलं होतं. औषधं बदलण्याचा हा काळ डॉक्टरांच्या नजरेखालीच काढायचा असतो, कुणी मनानं गोळ्या बंद करू नयेत, एवढं कळकळीनं सांगतो.

रक्त देण्याची पद्धतही वेगळी. सकाळी उठून निदान दोन तास चालतं-फिरतं राहायचं, मग काही मिनिटं शांत बसायचं आणि बसूनच रक्त द्यायचं. मूठ आवळ-सोड करायची नाही, कारण त्यानं पोटॅशियमचा आकडा खोटा वाढतो. आपल्याकडे तर प्रत्येक लॅबमध्ये "मूठ उघड-झाक करा" असंच सांगतात. रेनिनचा नमुना बर्फात ठेवायचा नसतो, थंडीत रेनिनचं प्रमाण चुकीचं वाढतं. तिथल्या लॅबच्या ताईंनी नळी स्टँडवर साध्या हवेतच ठेवली आणि मला ते मुद्दाम दाखवलं.

रिपोर्ट आला. अल्डोस्टेरॉन 38, रेनिन 0.2. एकाला दुसऱ्यानं भागायचं, उत्तर 190. साधारण 30च्या वर गेलं की संशय घ्यायचा असतो. एरवी यानंतर खात्रीची तपासणी करतात. माझ्या शेजारच्या खाटेवर नांदेडचे एक शिक्षक होते, त्यांना चार तासांत दोन लिटर सलाइन चढवून पुन्हा अल्डोस्टेरॉन मोजलं. एवढं मीठ आत गेल्यावर निरोगी माणसाचं अल्डोस्टेरॉन खाली येतं, या आजारात येत नाही. मला ती लागली नाही. औषधाविना घसरलेलं पोटॅशियम, जवळजवळ नाहीसं झालेलं रेनिन आणि 20च्या वरचं अल्डोस्टेरॉन, हे तिन्ही असलं की निदान पक्कं धरतात.

गाठ आणखी काही करत नाही ना, हेही बघितलं. रात्री अकराला डेक्सामेथासोनच्या दोन छोट्या गोळ्या, मिळून 1 मिलिग्रॅम, आणि सकाळी आठला कॉर्टिसॉल. ते 1.8च्या खाली आलं, म्हणजे कॉर्टिसॉल जास्त तयार होत नव्हतं. मेटानेफ्रिनची तपासणीही केली. ती अ‍ॅड्रिनॅलिन सोडणाऱ्या गाठीसाठी, जिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. तशी गाठ असताना आधी आठवडा-दोन आठवडे अल्फा ब्लॉकर नावाचं औषध देऊन तयारी न करता ऑपरेशनला हात घातला, तर गाठीला धक्का लागताच बीपी प्रचंड उसळतं आणि माणूस टेबलावर दगावू शकतो. हे ऐकलं तेव्हा मला त्या "पुढच्या आठवड्यात या"ची आठवण झाली आणि अंगावर काटा आला. माझी गाठ तशी नव्हती. पण तशी नाही हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं.

आता मला वाटलं की झालं, डावीकडे गाठ आहे, डावी काढायची. तसं नव्हतं. नव्यानं काढलेल्या सीटीत डावीकडे गाठ होतीच, पण उजवी ग्रंथीही थोडी जाडसर दिसत होती. चाळिशीनंतर अ‍ॅड्रिनलमध्ये काहीही न करणाऱ्या निरुपद्रवी गाठी बऱ्याच लोकांना असतात. आणि हॉर्मोन सोडणारा भाग कधी कधी इतका बारीक असतो की तो स्कॅनमध्ये दिसतच नाही. नुसत्या स्कॅनवर विसंबलं तर जवळपास एक तृतीयांश पेशंटांत बाजू किंवा उपचार चुकू शकतो. दोन्ही ग्रंथी हॉर्मोन सोडत असतील तर ऑपरेशन करायचंच नाही, गोळ्यांवर राहायचं. आमच्या डॉक्टरबाईंनी ते शेतातल्या भाषेत सांगितलं. दोन विहिरींचं पाणी एकाच पाटात येतंय आणि पाटाचं पाणी खारं लागतंय. कुठली विहीर खारी हे काठावरून बघून कळत नाही, दोन्ही विहिरींच्या तोंडाशी जाऊन पाणी चाखावं लागतं.

त्या चाखण्याचं नाव अ‍ॅड्रिनल व्हेन सॅम्पलिंग. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी घालून ती एक्स-रेच्या पडद्यावर बघत दोन्ही अ‍ॅड्रिनलच्या शिरांपर्यंत नेतात आणि तिथलंच रक्त काढतात. देशात हे करणाऱ्या जागा मोजक्या आहेत आणि हात बसलेला माणूस लागतो. डावी शीर त्या मानानं सोपी, ती डाव्या किडनीच्या शिरेत उतरते. उजवी आखूड असते आणि थेट पोटातल्या मुख्य महाशिरेत शिरते, तिचं तोंड सापडणं हीच खरी परीक्षा. संमतीपत्रावर सही घेताना रेसिडेंट डॉक्टरांनी सगळं सांगितलं: उजवीचा नमुना नीट आला नाही तर पुन्हा करावं लागेल, क्वचित शिरेला इजा होऊन रक्तस्राव होतो.

मी पूर्ण जागा होतो, फक्त जांघ बधिर केली होती. कॅथलॅबमध्ये गारठा फार. ड्रिपमधून एसीटीएच नावाचं औषध चालू ठेवलं होतं, त्यानं दोन्ही ग्रंथी एकसारख्या चेततात. डावीकडचं काम लवकर उरकलं. उजवीकडे बराच वेळ गेला. डॉक्टर नळी बदलत, पडद्यावर शीर दिसावी म्हणून थोडा डाय सोडत, पडद्याकडे बघत, पुन्हा मागे घेत. एकदा डाय सोडला तेव्हा कमरेत उजवीकडे खोल कळ आली. ते म्हणाले, "दुखलं ना? चांगलं आहे, आपण बरोबर जागी आहोत." मग रक्त थेंब थेंब येऊ लागलं. इतक्या बारीक शिरेतून ते ओढून घेता येत नाही, वाट बघावी लागते. मी छताकडे बघत आईचं नाव घेत पडून होतो. नंतर पाय सरळ ठेवून काही तास उताणं झोपणं, हेच काय ते अवघड.

त्या आकड्यांचा कागद मी अजून जपून ठेवलाय. प्रत्येक नमुन्यात अल्डोस्टेरॉनबरोबर कॉर्टिसॉलही मोजतात. अ‍ॅड्रिनलच्या शिरेत कॉर्टिसॉल बाकीच्या रक्ताच्या कितीतरी पट असतं, म्हणजे नळी खरोखर त्या शिरेत होती की नाही हे त्यावरून कळतं. माझं महाशिरेतलं कॉर्टिसॉल 28, डावीकडे 620, उजवीकडे 800. पाचपटीच्या वर असलं तर नमुना ग्राह्य, माझे दोन्ही वीस पटींच्या वर. मग दोन्हीकडचं अल्डोस्टेरॉन त्या त्या बाजूच्या कॉर्टिसॉलनं भागायचं. डावीकडे 6200 भागिले 620, म्हणजे 10. उजवीकडे 480 भागिले 800, म्हणजे 0.6. डावी बाजू उजवीच्या सोळा पटींहून जास्त. चारपटीच्या वर गेलं की एका बाजूचा आजार. शिवाय उजवीकडचं प्रमाण महाशिरेतल्या प्रमाणापेक्षाही कमी होतं, म्हणजे चांगली ग्रंथी दबून गप्प बसली होती. जाडसर दिसणारी उजवी निर्दोष होती. डॉक्टरबाईंनी कागदावर 'डावी' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. ती गाठ डावीकडेच आहे हे त्या पहिल्या सर्जननीही सांगितलं होतं, पण त्यांचं सांगणं आणि हा कागद यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

ऑपरेशनची तारीख लागेपर्यंत स्पायरोनोलॅक्टोन पुन्हा सुरू झालं, यावेळी मोठ्या मात्रेत. बीपी आणि पोटॅशियम ताब्यात आणून मगच भूल देतात. या गोळीबद्दल पुरुषांनी एक माहीत करून घ्यावं, कारण कुणी बोलत नाही: छाती दुखायला लागते, स्तनांना सूज येते. मला आली. लाज वाटून मी सांगत नव्हतो, ड्रेसिंगरूममधल्या ब्रदरनं ओळखलं आणि डॉक्टरांना सांगितलं. ऑपरेशन जवळच होतं म्हणून तीच चालू ठेवली. ज्यांना कायम गोळ्यांवर राहायचंय त्यांच्यासाठी एप्लेरेनोन ही दुसरी गोळी आहे, तिच्यानं हा त्रास कमी होतो, किंमत मात्र जास्त.

अ‍ॅड्रिनल दुर्बिणीतून काढता येते हे जगापुढे आलं 1992मध्ये, मॉन्ट्रियलच्या डॉ. मिशेल गान्ये यांच्या ऑपरेशनांमुळे. त्याआधी एवढ्याशा ग्रंथीसाठी मोठा काप घ्यावा लागायचा, कारण ती बरगड्यांखाली फार खोल असते. मला उजव्या कुशीवर झोपवून डाव्या बरगड्यांच्या खाली छोटी छोटी भोकं पाडली. डावीकडे प्लीहा आणि स्वादुपिंडाचं शेपूट वाटेत असतं, ते हलकेच बाजूला करायचं, अ‍ॅड्रिनलची शीर शोधून तिला क्लिप लावायची, आणि अख्खी ग्रंथी पिशवीत घालून बाहेर. हे सगळं सर्जननी आदल्या संध्याकाळी खाटेपाशी येऊन सांगितलं. मला आठवतं ते फक्त भूल देणाऱ्या मॅडम "कुठल्या डेपोचे तुम्ही?" असं विचारत होत्या ते.

जाग आल्यावर भोकांपेक्षा डावा खांदा जास्त दुखत होता. पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे तसं होतं, दोन दिवसांत जातं. ग्रंथी कापून पाहिली तेव्हा आतली गाठ सोनेरी पिवळी होती, सर्जननी मोबाइलवर फोटो दाखवला. बायकोनं तो फोटो बघून हात जोडले.

त्याच संध्याकाळी पोटॅशियमचं सिरप आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही बंद. इथे एक गोष्ट नातेवाइकांनी लक्षात ठेवावी. आपल्याकडे पेशंटला बघायला जाताना शहाळं नेतात. मावसभाऊ आणि त्याच्या चाळीतले सगळे शहाळी आणि केळी घेऊन आले. ऑपरेशनआधी हेच मला आग्रहानं खायला सांगितलं होतं. आता ते चालणार नव्हतं, कारण इतकी वर्षं दबलेली उजवी ग्रंथी लगेच जागी होत नाही. तोपर्यंत शरीरात अल्डोस्टेरॉन कमी असतं आणि पोटॅशियम उलट वाढू शकतं, आणि वाढलेलं पोटॅशियम हृदयाला धोक्याचं. म्हणून पहिला महिनाभर दर आठवड्याला पोटॅशियम तपासायचं आणि जेवणात मीठ नेहमीसारखं ठेवायचं. सिस्टरनी खाटेवर कागद चिकटवला: 'शहाळे, फळांचा रस देऊ नये.' ती सगळी शहाळी वॉर्डातल्या मावशींनी आणि मामांनी आनंदानं नेली.

किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन 0.9चं 1.2 झालं तेव्हा मी घाबरलो. किडनी बिघडली असंच वाटलं. डॉक्टरांनी समजावलं की जादा अल्डोस्टेरॉनमुळे किडनीवर दाब होता, ती गरजेपेक्षा जोरात गाळत होती, त्यामुळे आधीचा आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसत होता. आता खरा आकडा दिसतोय. पुढे तो तिथेच स्थिर राहिला.

सगळ्यात आधी सुधारली ती झोप. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका रात्री मी सलग झोपलो आणि बायकोनं घाबरून मला हलवून उठवलं. पायांतले गोळे गेले. बीपी उतरायला मात्र महिने लागले. चार गोळ्यांच्या दोन झाल्या, मग एक. आता अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमवर 130/80च्या आसपास असतं. पूर्ण सुटली नाही ती गोळी. 2017मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ऑपरेशननंतर 94 टक्के लोकांत हॉर्मोनचा दोष पूर्ण गेला होता, पण औषधाविना बीपी ठीक राहिलं ते 37 टक्क्यांचं, आणखी 47 टक्क्यांचं सुधारलं. मी त्या दुसऱ्या गटातला. निदान जितकं उशिरा, तितक्या रक्तवाहिन्या आधीच ताठरलेल्या असतात. इकोमध्ये माझ्या हृदयाची भिंत जाड झालेली होती, ती हळूहळू कमी होतेय.

बीपी असलेल्या दर शंभरातल्या पाच ते दहा जणांना हा आजार असू शकतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं पोटॅशियम अगदी व्यवस्थित असतं. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं 2025मध्ये बीपी असलेल्या प्रत्येकाची अल्डोस्टेरॉन-रेनिन तपासणी करावी असं सुचवलंय. आपल्याकडे खासगी लॅबमध्ये ही जोडी काही हजारांत होते. एरवी एसटीतल्या माणसाला ते पैसे जड वाटतील, पण ज्याला तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी आवरत नाही, ज्याला कमी वयात ते निघालंय, ज्याच्या घरात चाळिशी-पन्नाशीत कुणाला अर्धांगवायू झालाय, त्यानं डॉक्टरांना या तपासणीबद्दल जरूर विचारावं. सरकारी रुग्णालयात गेलात तर पहिल्याच दिवशी समाजसेवा अधीक्षकांना भेटा. कुठल्या योजनेत काय बसतं आणि कोणते कागद लागतात ते तिथे नीट सांगतात. मला तिथल्या बाईंनी खूप धावपळ वाचवली.

डॉक्टरबाईंनी शेवटच्या भेटीत वडिलांबद्दल पुन्हा विचारलं. ज्याला हा आजार निघतो त्याच्या सख्ख्या नात्यात कुणाला बीपी असेल तर त्यांचीही तपासणी करायची असते. माझ्या धाकट्या भावाला गेल्या वर्षी बीपी निघालंय, वय 36, इस्लामपूरला असतो. त्याचं पोटॅशियम 4.1, अगदी चांगलं, म्हणून तो तयार होत नव्हता. आईनं त्याला माझी फाइल वाचायला लावली. गुणोत्तर 44 आलं. आता त्याच्या गोळ्या बदलल्यात, आणि पुढच्या महिन्यात त्याला परळला सलाइनच्या तपासणीसाठी बोलावलंय. मी रजा टाकली आहे, त्याच्याबरोबर जाणार.